कोणती रायफल चांगली? वैनगंगेच्या खोऱ्यातला एक जुना वाद

भंडारा जिल्ह्याच्या नकाशावर तुमसरहून उत्तरेकडे बोट नेले की राज्याच्या सीमेजवळ बपेरा हे गाव सापडते. सीमेपलीकडे मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा. आज ही दोन राज्ये आहेत. पण १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला तेव्हा हा सगळा मुलूख एकाच कारभाराखाली होता. १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा तयार झाला, तोही भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून. भंडारा जिल्हा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. माणसांनी सीमा आखल्या तरी जंगल एकच राहिले. वैनगंगेच्या काठची भातखाचरे संपली की साग, बांबू, मोह आणि तेंदूचे रान सुरू होते, ते सातपुड्याच्या डोंगरांपर्यंत जाते.

या पट्ट्यात सुमारे शंभर वर्षे एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला. साहेबांच्या तंबूत, जंगलातल्या विश्रामगृहात आणि मालगुजारांच्या वाड्यातही. रायफल घ्यायची तर कोणाची? माउझरची की मॅनलिकरची? रिग्बीची की बीएसएची? या वादात प्रक्षेप्य गती, संवेग, उष्णतेचे परिणाम आणि साधी यंत्रे असे शालेय भौतिकशास्त्राचे बरेच धडे दडलेले आहेत, म्हणून तो आम्ही येथे मांडत आहोत. वादात न विचारला गेलेला एक प्रश्नही आहे. त्याकडे आपण शेवटी येऊ.

गोल गोळीचा वकील

या वादाचा पहिला मोठा लेखक मध्य प्रांतातच काम करत होता. कॅप्टन जेम्स फोर्सिथ हा बंगालच्या लष्करातला अधिकारी. चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल याच्या काळात त्याने सातपुड्याची जंगले पालथी घातली. १८६२ मध्ये तो पचमढीला पोचला व तेथे त्याने 'बायसन लॉज' हे घर बांधले. 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे त्याचे पुस्तक १८७१ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध झाले. त्याआधी १८६३ मध्ये त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या या विषयावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता.

रायफल म्हणजे नळीच्या आत पेचदार खाचा असलेली बंदूक. या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्याप्रमाणे स्थिर राहते. लांबट गोळीला हे फिरणे फार आवश्यक असते, नाहीतर ती हवेत कोलांट्या खाते. फोर्सिथचे म्हणणे असे की हिंदुस्थानच्या दाट जंगलात जनावर दिसते ते जवळून. तेथे लांबट गोळीपेक्षा मोठी, गोल, शिशाची गोळी बरी. खाचांचा पीळ अगदी मंद ठेवला म्हणजे दारू भरपूर भरता येते आणि गोळी वेगाने, सरळ जाते.

हा विचार चुकीचा नव्हता. जवळच्या अंतरासाठी आणि त्या काळच्या काळ्या दारूसाठी ते उत्तर बरोबर होते. परंतु गोल गोळीला एक मर्यादा आहे, आणि ती साध्या गणिताने दाखवता येते. गोळी हवेतून किंवा जनावराच्या शरीरातून किती खोल जाईल हे बरेचसे तिच्या वजनाचे तिच्या काटछेदाशी असलेल्या प्रमाणावर ठरते. खिळा लाकडात शिरतो आणि तेवढ्याच वजनाची गोटी शिरत नाही, तसेच हे आहे.

उदाहरणासाठी १४ बोअरची गोळी घेऊ. एका पौंड शिशातून सारख्या आकाराच्या १४ गोळ्या झाल्या की त्या मापाला १४ बोअर म्हणत. अशा गोळीचे वजन सुमारे ३२ ग्रॅम आणि व्यास सुमारे १.७६ सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटर काटछेदामागे वजन पडते सुमारे १३ ग्रॅम. ब्रिटिश फौजेतली मार्टिनी-हेन्री रायफल १८७१ मध्ये आली. तिची लांबट गोळी ३१ ग्रॅमची, म्हणजे जवळजवळ तेवढ्याच वजनाची. पण तिचे प्रमाण सुमारे ३०. पुढे १९०३ च्या मॅनलिकर-शोनाउअर रायफलीची ६.५ मिलिमीटर व्यासाची गोळी अवघी १०.४ ग्रॅमची होती. तिचे प्रमाण ३१! म्हणजे एक तृतीयांश शिशात मार्टिनीइतकी खोली साधली. एवढे प्रमाण गोल गोळीने गाठायचे तर तिचा व्यास चार सेंटिमीटरहून अधिक लागेल. ती खांद्यावरच्या बंदुकीची गोळी राहणार नाही, तोफेची होईल.

धुरापासून सुटका

मग फोर्सिथच्या काळी बारीक, लांब आणि वेगवान गोळी का वापरली नाही? त्याचे उत्तर दारूत आहे. गंधक, कोळसा आणि सोरा यांची काळी दारू जळली की तिचा अर्ध्याहून अधिक भाग घन रूपात उरतो. त्याचा काही भाग धूर होऊन उडतो, काही नळीत काजळीसारखा बसतो. बारीक नळी दोन-चार बारांत घाण होते. शिवाय शिकाऱ्यासमोर धुराचा पडदा उभा राहतो. जखमी वाघ कोठे आहे हे कळण्याची जेव्हा सर्वांत अधिक गरज, तेव्हाच डोळ्यांपुढे काही दिसत नाही.

१८८४ मध्ये पॉल व्हिएई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू तयार केली. आल्फ्रेड नोबेलने १८८७ मध्ये बॅलिस्टाइट आणले. १८८९ मध्ये फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी कॉर्डाइट बनवले. त्याच्या पहिल्या प्रकारात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के व्हॅसलीन असे. हे मिश्रण शेवयांसारखे दाबून त्याच्या दोऱ्या करत, म्हणून नाव कॉर्डाइट. ही दारू जळून जवळजवळ सगळीच वायूत रूपांतरित होते. १९०३ मध्ये निलगिरीतील अरुवनकाडू येथे कॉर्डाइटचा कारखाना निघाला. आपल्या भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला १९६४ मध्ये जो आयुधनिर्माणी कारखाना उभा राहिला, त्याचे कामही याच रसायनांच्या कुळातले. हे रसायन किती धोक्याचे आहे याची आठवण २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटाने करून दिली. त्यात कामगारांचे बळी गेले.

नव्या दारूने शिकारीत काय बदलले याचा हिशेब आपण करू. तीन रायफली घेऊ. पहिली मार्टिनी-हेन्री: गोळी ३१ ग्रॅम, वेग सेकंदाला सुमारे ४१० मीटर. दुसरी .३०३ ची लष्करी रायफल: गोळी १४ ग्रॅम, वेग सुमारे ६२० मीटर. तिसरी .२७५ रिग्बी: गोळी ९ ग्रॅम, वेग सुमारे ८४० मीटर. हवेचा विरोध सोडून देऊ.

समजा शिकाऱ्याने जनावर १५० मीटरवर आहे असे धरून नेम घेतला. प्रत्यक्षात ते २०० मीटरवर होते. झुडपांत अशी चूक कोणाचीही होईल. गोळी नेमाच्या रेषेखाली किती जाईल? गुरुत्वीय त्वरण ९.८ धरून गणित केले तर मार्टिनीची गोळी सुमारे २९ सेंटिमीटर, .३०३ ची १३ सेंटिमीटर आणि रिग्बीची फक्त ७ सेंटिमीटर खाली जाते. चितळाच्या छातीचा वर्मी भाग साधारण वीतभर धरा. नेम मध्यावर असेल तर वर-खाली दहा-अकरा सेंटिमीटरची सूट मिळते. रिग्बीची गोळी त्यात बसते, .३०३ ची काठावरून निसटते आणि मार्टिनीची पायात लागते किंवा वाया जाते.

आता धक्क्याचा हिशेब. संवेग अक्षय्यतेचा नियम लावून, रायफलीचे वजन ४ किलो धरले आणि दारूच्या वायूंचा संवेग सोडला, तर मार्टिनी खांद्यावर सेकंदाला सुमारे ३.२ मीटर वेगाने आदळते; .३०३ सुमारे २.२ मीटर आणि रिग्बी १.९ मीटर वेगाने. म्हणजे अचूकता वाढली आणि खांद्याचा त्रास कमी झाला. शिकाऱ्याने आनंदाने उडी मारावी असाच हा बदल होता.

दाराची कडी

बोल्ट म्हणजे दाराची सरकती कडी. बोल्ट ॲक्शन रायफलीत नळीच्या मागच्या तोंडाशी अशीच एक पोलादी कडी असते. मूठ वर उचलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते; पुढे ढकलली की खालच्या पेटीतले नवे काडतूस नळीत जाते; मूठ खाली दाबली की कडीचे कान खोबणीत अडकून दार बंद होते. प्रशियाच्या योहान निकोलाउस फॉन ड्रायझे याच्या सुई-बंदुकीत ही कल्पना आली आणि १८४१ मध्ये प्रशियाच्या फौजेने ती स्वीकारली. १८६६ च्या ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात तिचा फायदा जगाला दिसला. प्रशियाचा सैनिक जमिनीवर पालथा पडून बंदूक भरू शकत होता. तोंडाने ठासायची बंदूक असलेल्या शत्रूला ते फार अवघड होते.

साहेबी शिकारीत मात्र दुनळीचा मान मोठा होता. दोन बार लागोपाठ काढता येत आणि मध्ये खडखडाट होत नसे. पण दोन नळ्यांच्या गोळ्या एकाच ठिकाणी लागाव्यात म्हणून कारागिराला त्या हाताने जुळवाव्या लागत. त्यामुळे चांगली दुनळी फार महाग पडे. बोल्ट ॲक्शन रायफल यंत्रावर, सुट्या भागांनी, लष्करासाठी लाखोंच्या संख्येने बनत होती. तीच कृती शिकारी नळीला जोडली की झाले. जंगल खात्यातला कनिष्ठ अधिकारी, रेल्वेचा इंजिनिअर, कंत्राटदार यांनाही चांगली रायफल परवडू लागली. याच काळात बेंगॉल नागपूर रेल्वे भंडाऱ्यातून गेली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तुमसर तालुक्यातल्या चिखला, डोंगरी बुजुर्ग भागात मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या. रान आणि रायफल यांच्यातले अंतर दोन्ही बाजूंनी कमी झाले.

तीन कारखाने, तीन उत्तरे

बोल्ट ॲक्शनची तीन मोठी घराणी होती. त्यांची तुलना म्हणजे यंत्ररचनेचा उत्तम धडा आहे.

पहिले जर्मनीतील ओबर्नडॉर्फचे माउझर. पाउल माउझरची १८९८ ची रचना आजही शिकारी रायफलींचा आदर्श मानली जाते. तिच्यात कडीला पुढच्या टोकाशी दोन जाड कान आणि मागे एक जादा कान असतो. स्फोटाचा दाब जेथे पडतो तेथेच अडसर बसल्याने कडीवर ताण कमी येतो. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे काडतुसाची कड पकडणारा रुंद पोलादी पंजा. काडतूस पेटीतून वर आल्याबरोबर तो त्याला धरतो आणि बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. घाईत, तिरप्या हाताने, मचाणावर अवघडून बसलेल्या माणसाचे काडतूस अडकू नये यासाठी हा पंजा महत्त्वाचा.

दुसरे घराणे स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या जेम्स पॅरिस ली याचे. ली-मेटफर्ड १८८८ मध्ये आणि ली-एनफिल्ड १८९५ मध्ये ब्रिटिश फौजेत आली. तिच्या कडीचे कान मागच्या बाजूला असतात. त्यामुळे बार काढताना संपूर्ण कडी थोडीशी दाबली जाते. फार जोरकस काडतुसांना ही रचना माउझरइतकी सोयीची नाही. पण मूठ माउझरमध्ये काटकोनात, म्हणजे ९० अंश उचलावी लागते, ती येथे ६० अंशच उचलावी लागते. हात जलद चालतो. बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्याने याच रचनेवर स्वस्त आणि टिकाऊ शिकारी रायफली बनवल्या.

तिसरे घराणे ऑस्ट्रियातील स्टायरचे. मॅनलिकर-शोनाउअरमध्ये काडतुसे एका फिरत्या चकतीत, रहाटाच्या पोहऱ्यांप्रमाणे बसतात. कडी लोण्यासारखी सरकते अशी तिची ख्याती होती. हलकी, सुबक आणि नळीच्या टोकापर्यंत लाकडी दस्ता असलेली ही रायफल डोंगर चढणाऱ्यांना आवडे. अडचण एकच: चकती विशिष्ट काडतुसासाठीच घडवलेली असल्याने दुसरे काडतूस वापरण्याची सोय नव्हती.

लंडनच्या जॉन रिग्बी या पेढीचे नाव शिकारकथांत वारंवार येते. तिच्या बोल्ट ॲक्शन रायफलींचे हृदय मात्र जर्मन असे. १८९८ पासून रिग्बी ही माउझरची ब्रिटनमधील प्रतिनिधी होती. दक्षिण आफ्रिकेतील १८९९ ते १९०२ च्या युद्धात बोअर शेतकऱ्यांच्या हातातल्या ७ मिलिमीटर माउझरने ब्रिटिशांना चांगलाच धडा शिकवला होता. तेच काडतूस रिग्बीने इंचांतले नाव देऊन विकले: .२७५ रिग्बी. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यानंतर जिम कॉर्बेटला संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरने भेट दिलेली रायफल याच मापाची. म्हणजे ज्या रायफलीला आपण अस्सल इंग्रजी समजतो, तिची कृती आणि काडतूस दोन्ही माउझरची! शिवाय कॉर्बेटनेही एकाच रायफलीवर भागवले नाही. जड कामासाठी त्याच्याकडे जेफरी पेढीची दुनळी होती.

उन्हाळा आणि कायदा

छापील माहितीपत्रकातली रायफल आणि वैशाखातल्या भंडाऱ्यातली रायफल यांत फरक पडतो. कॉर्डाइटची जळण्याची गती तापमानाबरोबर वाढते. इंग्लंडच्या थंडीत जे काडतूस योग्य दाब देते, तेच ४५ अंशांच्या उन्हात, आणि पत्र्याच्या पेटीत त्याहूनही अधिक तापल्यावर, जादा दाब देते. पितळी काडतूस फुगून नळीला घट्ट चिकटते. समोर अस्वल उभे आहे आणि कडी उघडत नाही! म्हणून ब्रिटिश कारखान्यांनी उष्ण देशांसाठी कमी दारूची वेगळी काडतुसे काढली. चिकटलेले काडतूस सोडवण्यासाठी कडीच्या मुळाशी उतरता पृष्ठभाग असतो. मूठ फिरवली की कडी त्यावरून किंचित मागे घसरते आणि हाताचा जोर कित्येक पटींनी वाढतो. इयत्तेच्या पुस्तकातला उतरणीचा पाटा तो हाच.

काडतुसाच्या आकाराचाही विचार करावा लागे. .३०३ च्या काडतुसाला तळाशी बाहेर आलेली कड असते. ती पकडायला सोपी. पण पेटीत काडतुसे भरताना एकाची कड दुसऱ्याच्या मागे गेली तर सगळी अडकतात. माउझरच्या काडतुसाला कडेऐवजी खोबण असते, ती पेटीत नीट बसतात.

एवढे सगळे तोलून रायफल निवडावी, तर शेवटचा शब्द कायद्याचा असे. फौजेची काडतुसे बंडखोरांच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० मापाच्या रायफली हिंदुस्थानात आणण्यास बंदी केली. कारखानदारांनी लगेच .४६५, .४७० अशी शेजारची मापे काढली. जनावरासाठी काही बदलले नाही, बदलला तो कायद्यातला आकडा. .३०३ हेही लष्करी माप म्हणून खाजगी लोकांना वर्ज्य होते. त्यातून .३१५ ला महत्त्व आले. हे मुळात ऑस्ट्रियन फौजेचे ८ मिलिमीटरचे काडतूस. ते ली-एनफिल्डच्या रचनेत बसवून बीएसएने हिंदुस्थानात विकले. स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्याने याच मापाची शिकारी रायफल बनवली. आपल्याकडे परवानाधारकाच्या भिंतीवर जी रायफल दिसे ती बहुधा .३१५. ती सर्वांत चांगली म्हणून निवडलेली नसे. मिळते, चालते आणि तिची काडतुसे तालुक्याच्या जवळपास सापडतात, म्हणून ती घेतलेली असे.

निवड कोणाची?

येथवर आपण शिकारी म्हणून ज्याचा विचार केला त्याला निवड करता येत होती. पण वैनगंगेच्या खोऱ्यातल्या बहुतेक माणसांना ती नव्हती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला बंदूक बाळगण्यासाठी परवाना सक्तीचा केला. युरोपीय लोकांना त्यातून सूट होती. त्याच वर्षी वन कायदाही आला. ज्या गोंड आणि इतर वनवासी लोकांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान वापरून वाघाचा माग काढला जाई, त्यांचे स्वतःचे शिकार करणे गुन्हा ठरले. साहेबाची शिकार हा मात्र पास काढून खेळायचा खेळ झाला.

भातावर रानडुकरे पडत, चितळांचे कळप हरभरा फस्त करत, त्यांच्याविरुद्ध शेतकऱ्याजवळ असे ती फार तर ठासणीची एकनळी किंवा नुसती माळ्यावरची आरोळी. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी सरकारपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत मिठावरील कर रद्द करण्याबरोबरच स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने लोकनियंत्रणाखाली द्यावेत ही एक मागणी होती. अहिंसेच्या पुजाऱ्याने ती का केली असेल? वर्गात चर्चेला घ्यावा असा हा प्रश्न आहे.

आणखी एक माणूस या हिशेबात विसरला जातो, तो हाकेकरी. ढोल, डबे वाजवत तो रानातून वाघाला मचाणाकडे हाकत येई. त्याच्या हातात काठी किंवा कुऱ्हाड. मचाणावरच्या रायफलीचा नेम चुकून वाघ जखमी झाला तर तो परत फिरे, तो याच लोकांवर. वर आपण काढलेला २९ आणि ७ सेंटिमीटरांचा फरक शिकाऱ्यासाठी यश-अपयशाचा होता, हाकेकऱ्यासाठी जीवनमरणाचा. चांगल्या रायफलीच्या बाजूने माणुसकीचा एखादा युक्तिवाद असेल तर तो हा आहे, आणि तो खरा आहे.

न विचारलेला प्रश्न

पण जंगलाच्या बाजूने पाहिले तर चित्र उलटे होते. फोर्सिथच्या काळी शिकाऱ्याला जनावराच्या जवळ जावे लागे, एक-दोन बारांत काम भागवावे लागे आणि धूर विरेपर्यंत थांबावे लागे. या अडचणी जनावराचे संरक्षण करत होत्या. बिनधुराची दारू, सरळ जाणारी गोळी आणि पाच काडतुसांची पेटी यांनी एकेक अडचण दूर केली. दुसऱ्या महायुद्धानंतर जीप आणि विजेचा झोत आला. रात्री रस्त्याने जाता जाता झोतात डोळे चमकले की बार, असा प्रकार सुरू झाला. तेव्हा रायफल माउझरची आहे की बीएसएची याला काही अर्थ उरला नाही.

स्वातंत्र्यानंतर शिकारीचा धंदाही झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे पदवीधर विद्याचरण शुक्ल यांनी १९५० च्या दशकात 'ॲल्विन कूपर' ही कंपनी काढली. राजकारणात मोठे नाव होण्यापूर्वीची ही गोष्ट. मध्य भारताच्या जंगलांत मोठी शिकार आणि छायाचित्रणाच्या सफरी ही कंपनी आयोजित करत असे. त्या काळी हा कायदेशीर आणि परकीय चलन मिळवून देणारा व्यवसाय होता, हे लक्षात ठेवले पाहिजे.

परिणाम आकड्यांत दिसतो. कान्हाच्या गवताळ मैदानांतला बारशिंगा १९३८ च्या सुमारास तीन हजारांच्या घरात असल्याचा अंदाज आहे. १९७० मध्ये तेथे ६६ उरले. याचा सगळा दोष रायफलीवर टाकणे शास्त्रीय होणार नाही. गवताळ रानांवर आलेली शेती, वणवे, गुरांची चराई आणि रोग यांचाही वाटा होता. चित्त्याचे तसेच. १९४७ मध्ये सध्याच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानच्या राजाने एकाच रात्री तीन चित्ते मारले, ते भारतातले शेवटचे मानले जातात. त्या राजाने चित्ता संपवला असे म्हणणे सोपे आहे. खरे म्हणजे आधीच सरत आलेल्या जातीला एका रात्रीत दोन-तीन गोळ्या पुरल्या. आधुनिक रायफलीचे सामर्थ्य ते हे: संख्या मोठी असताना तिचा परिणाम जाणवत नाही, संख्या घटली की ती निर्णायक ठरते.

पुढच्या घटना भराभर घडल्या. १९६९ मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाचे अधिवेशन झाले. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. त्याच वर्षी तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातले नागझिरा अभयारण्य झाले; १९९९ मध्ये जिल्हा विभागल्यावर ते गोंदिया जिल्ह्याकडे गेले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पाचा भाग बनले. १९७२ च्या गणनेत देशात १८२७ वाघ मोजले गेले, आणि त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. तरी काही प्राण्यांची शिकार परवान्याने करता येत होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही संपली. आता माणसाच्या जिवाला किंवा पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. कान्हाचा बारशिंगा संरक्षणामुळे वाचला आणि वाढला. सीमेवरच्या गावांतल्या शेतकऱ्याचा रानडुकराचा प्रश्न मात्र सुटलेला नाही, हेही तितकेच खरे.

वर्गात काय करता येईल?

या इतिहासातून शिक्षकांना दोन गोष्टी घेता येतील असे आम्हाला वाटते. पहिली तुलनेची शिस्त. "कोणती चांगली?" हा प्रश्न अर्धवट आहे. कशासाठी, किती अंतरावर, कोणत्या हवेत, कोणत्या कायद्याखाली आणि कोणासाठी, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही. सायकल, पंप, चूल, बियाणे, कशाचीही तुलना करताना विद्यार्थ्यांना ही पाच विशेषणे आधी फळ्यावर लिहायला सांगावी. वरील तीन रायफलींच्या आकड्यांवरून गोळीचा पतनमार्ग आलेखावर काढण्याचा प्रयोग नववी-दहावीच्या मुलांना सहज जमेल.

दुसरी गोष्ट म्हणजे यंत्राचा हिशेब ते वापरणाऱ्यापाशी संपत नाही. शंभर वर्षे या खोऱ्यात रायफलींची बारकाईने चर्चा झाली. पंजा, कान, चकती, दारूचे तापमान, सगळे तोलले गेले. सर्व रायफली मिळून या जंगलाचे काय करतील, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारला. आणि विचारला गेला तेव्हा फार थोडे उरले होते.

आज विदर्भात वाघासमोर अधिकृतपणे जी बंदूक उचलली जाते ती बहुतेक वेळा गुंगीच्या औषधाची. तिच्यात शंभर वर्षांचे सगळे गणित उलटे फिरते. तिची सुई फार खोल जाऊन चालत नाही, वेग जास्त झाला तर हाड मोडते, कमी झाला तर औषध पोचत नाही. म्हणून अंतर नेमके ओळखून वायूचा दाब ठरवावा लागतो. पन्नास मीटरच्या आतच सारे करायचे असल्याने माणसाला पुन्हा जनावराच्या जवळ जावे लागते, फोर्सिथच्या काळासारखे. फरक एवढाच की बार लागल्यावर वाघ उठून परत रानात जावा, अशी आता नेम धरणाऱ्याची अपेक्षा असते.